शून्य तास : नव्या यकृतात शिरणारा जुना विषाणू

कोल्हापूर जिल्ह्यात कावीळ म्हटलं की लोकांचं लक्ष आधी पाण्याकडे जातं. २०१२ साली इचलकरंजीत पिण्याच्या पाण्यातून हिपॅटायटिस ई पसरला, घराघरांत माणसं आजारी पडली, काही दगावली. पिवळे डोळे, पिवळी लघवी, अन्नावरची वासना उडणं ही आपल्याकडची काविळीची ओळख. हिपॅटायटिस सी यातल्या कशातच बसत नाही. तो पाण्यातून येत नाही, रक्तातून येतो. शिरतो तेव्हा बहुतेकांचे डोळे पिवळे होत नाहीत. ज्यांना लागण होते त्यांच्यातल्या साधारण ७० टक्के लोकांत तो कायमचा राहतो, आणि त्यातल्या काहींचं यकृत वीस-वीस वर्षं आतून निबर होत जातं. माणूस दवाखान्यात पोचतो तेव्हा पुष्कळदा यकृत बदलण्यावाचून इलाज उरलेला नसतो.

यकृत बदललं की विषाणूही जाईल, असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. निकामी यकृत काढल्यापासून नवं यकृत बाधित होईपर्यंत किती वेळ जातो, हे बार्सिलोनाच्या हॉस्पिटल क्लिनिकमध्ये मोन्सेरात गार्सिया-रेतोर्तियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० रुग्णांत मोजलं. ऑपरेशनच्या आधी, ऑपरेशन चालू असताना आणि नंतर ठरावीक अंतरानं रक्त घेऊन त्यांनी विषाणूचं प्रमाण पाहिलं. ते निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले.

पुढचा घटनाक्रम त्या मोजमापांवर उभा आहे. यातला रुग्ण ही कुणी एक व्यक्ती नाही. कोल्हापूर जिल्ह्यातून मोठ्या शहरात गेलेला पन्नाशीचा गृहस्थ आणि त्याला यकृताचा भाग देणारा त्याचा मुलगा, अशी जोडी मी धरली आहे, कारण आपल्या देशात बहुतेक यकृतं घरातलीच माणसं देतात. काळ आहे हिपॅटायटिस सी वरच्या नव्या गोळ्या येण्याआधीचा, म्हणजे २०१३ पूर्वीचा. त्याच्या रक्तातले आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. ते घटण्या-वाढण्याचा वेग मात्र प्रत्यक्ष मोजलेला आहे.

उणे २० वर्षं

अपघात होतो, रक्त जातं, दोन बाटल्या रक्त चढवलं जातं. माणूस वाचतो. त्या रक्तात विषाणू आहे हे कुणालाच कळणं शक्य नाही, कारण त्याची तपासणीच अजून अस्तित्वात नाही. रक्त घेतल्यानंतर होणाऱ्या ज्या काविळीत ए आणि बी हे दोन्ही विषाणू सापडत नव्हते, तिला डॉक्टर ‘नॉन-ए, नॉन-बी’ एवढंच म्हणत होते. १९८९ साली अमेरिकेतल्या कायरॉन कंपनीत मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी डॅनिएल ब्रॅडली यांच्या साथीनं या विषाणूची ओळख पटवली, आणि त्यानंतरच रक्त तपासण्याची सोय झाली. या शोधमालिकेसाठी २०२० साली हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना नोबेल मिळालं. आपल्या गृहस्थाला रक्त चढलं ते या सगळ्याच्या आधी.

उणे ३० दिवस

पोटात पाणी साठलं आहे. एकदा रक्ताची उलटी झाली आहे. सिऱ्हॉसिसचं, म्हणजे यकृत पार निबर झाल्याचं, निदान झालं आहे आणि यकृत बदलायचं ठरलं आहे. मुलाचा रक्तगट जुळला, त्याच्या सगळ्या तपासण्या झाल्या, समितीपुढे कागदपत्रं गेली.

बापाच्या फाइलीत एक रिपोर्ट आहे : व्हायरल लोड, दर मिलिलिटरला १० लाख आंतरराष्ट्रीय एककं. हिपॅटायटिस सी चा विषाणू म्हणजे आरएनएचा एक धागा, सुमारे ९,६०० अक्षरांचा. पीसीआर या पद्धतीत त्याचा ठरलेला तुकडा पुन्हा पुन्हा दुप्पट करत नेतात आणि किती फेऱ्यांनंतर तो दिसू लागला त्यावरून मूळ रक्तात किती होता ते काढतात. १० लाख हा आकडा या आजारात काही वेगळा नाही. असे रिपोर्ट रोज येतात.

त्या काळात औषध म्हणून डॉक्टरांकडे इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाविरिन होतं. पोटात पाणी झालेल्या, रक्तपेशी उतरलेल्या माणसाला इंटरफेरॉन सोसत नाही, त्यानं जिवावर बेतू शकतं. म्हणून रुग्ण विषाणूसकट ऑपरेशनला जातो. नवं यकृत बाधित होणार हे सर्जनला माहीत आहे. पण आज नवं यकृत मिळालं नाही तर माणूस काही महिन्यांत जाणार, हेही त्याला माहीत आहे.

सकाळी ६ : उणे ९ तास

पहिली नळी भरली जाते. आकडा तोच, १० लाख. महिनाभरात तो हलला नाही म्हणजे विषाणू शांत आहे, असं मात्र नाही. १९९८ साली अॅव्हिडन न्यूमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की असा संसर्ग झालेल्या शरीरात दिवसाला सुमारे एक लाख कोटी विषाणू तयार होतात आणि जवळपास तेवढेच नष्ट होतात. रक्तात आलेल्या विषाणूंपैकी निम्मे साधारण तीन तासांत नाहीसे होतात. स्थिर दिसणारा आकडा म्हणजे प्रचंड वेगानं होणारी आवक आणि तेवढ्याच वेगाची जावक.

आज पहिल्यांदाच यातली आवक बंद पडणार आहे. बार्सिलोनाच्या गटाला नेमकी हीच संधी दिसली. जिवंत माणसाच्या शरीरात, औषधाशिवाय, विषाणूची निर्मिती एका झटक्यात थांबते आणि उरलेल्या विषाणूचं काय होतं ते मोजता येतं, असे हे दोन-तीन तास.

सकाळी ८ : उणे ७ तास

शेजारच्या थिएटरमध्ये मुलाच्या पोटावर छेद घेतला जातो. त्याच्या यकृताचा उजवा भाग, म्हणजे एकूण यकृताचा साठ टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा, रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका सांभाळत वेगळा करायचा आहे. निरोगी यकृत पुन्हा वाढतं, काही आठवड्यांत मुलाचं यकृत बऱ्याच अंशी पूर्ववत होईल. तरीही धडधाकट माणसासाठी हा मोठा धोका आहे. तो घेताना मुलानं एवढंच पाहिलं आहे की बाप वाचावा.

सकाळी १० : उणे ५ तास

बापाचं पोट उघडलं आहे. सिऱ्हॉसिसमध्ये रक्त नीट गोठत नाही, फुगलेल्या शिरा जागोजाग असतात, आणि यकृत मोकळं करताना रक्तस्राव होतो. रक्त, प्लाझ्मा, सलाइन चढत राहतं. व्हायरल लोडचा आकडा खाली यायला इथेच सुरुवात होते. त्यातला काही भाग नुसत्या पातळ होण्याचा असतो : विषाणू वाहून गेला आणि त्याच्या जागी दुसऱ्याचं स्वच्छ रक्त आलं. मोजणाऱ्यानं हे लक्षात घेतलं नाही तर शरीरानं विषाणू मारला असा चुकीचा निष्कर्ष निघेल. म्हणून पुढच्या काळात या विषयावर काम करणाऱ्यांनी किती रक्त गेलं आणि किती चढलं, याचाही हिशेब गणितात धरला.

दुपारी १ : उणे २ तास

जुनं यकृत बाहेर येतं. कठीण, गाठीगाठींचं, आक्रसलेलं. आता या शरीरात यकृत नाही. भूलतज्ज्ञाचे डोळे साखर, रक्तदाब आणि आम्लतेच्या आकड्यांवर आहेत.

हिपॅटायटिस सी चा विषाणू जवळजवळ सगळा यकृताच्या पेशींतच तयार होतो. त्याची कारणंही ठाऊक आहेत. या पेशींत एमआयआर-१२२ नावाचा आरएनएचा एक छोटा रेणू भरपूर असतो. विषाणूचा धागा त्याला चिकटतो आणि त्याच्याशिवाय नीट वाढू शकत नाही. हे २००५ साली कळलं. यकृत गेलं म्हणजे निर्मिती गेली. पण साखर कारखाना बंद पडला तरी आधीच निघालेल्या गाड्या रस्त्यावर असतातच, आणि पुढे नवा कारखाना सुरू झाला तर त्या त्याच्या फाटकात शिरतात. रक्तात आत्ता फिरणारे विषाणू त्या गाड्यांसारखे आहेत.

बार्सिलोनाच्या मोजमापात या यकृतविरहित काळात विषाणू निम्म्यावर यायला सरासरी २.२ तास लागले.

दुपारी २ : उणे १ तास

या आकड्यावरून एक हिशेब करून पाहावा. दर मिलिलिटरला १० लाखांवरून एकावर यायला आकडा २० वेळा निम्मा व्हावा लागतो. प्रत्येक वेळी २.२ तास धरले तर ४४ तास. तेही एका मिलिलिटरपुरतं. शरीरात पाच लिटर रक्त, म्हणजे ५,००० मिलिलिटर. सगळ्या रक्तात एकच उरावा म्हणायचं तर आणखी बारा-तेरा वेळा निम्मं व्हायला हवं, म्हणजे अजून सुमारे २७ तास. एकूण साधारण तीन दिवस.

तीन दिवस यकृताविना कुणी रोगी टेबलावर ठेवत नाही. सर्जन दोन-तीन तासांत नवं यकृत जोडतो, आणि तेवढ्या वेळात विषाणू साधारण निम्मा होतो. या रुग्णाच्या रक्तात दर मिलिलिटरला अजून लाखोंनी विषाणू आहे. सर्जनचे हात कितीही कुशल असोत, हा हिशेब बदलत नाही.

दुपारी ३ : शून्य तास

मुलाच्या यकृताचा भाग थंड द्रावणानं धुऊन, रक्त काढून, फिकट करड्या रंगाचा होऊन आला आहे. शिरा जोडल्या आहेत. क्लॅम्प निघतो, आतड्यांकडून येणारं रक्त त्या यकृतात शिरतं आणि काही क्षणांत ते लालसर होतं. थिएटरमधल्या सगळ्यांना हवा असलेला हा क्षण आहे. यकृत मऊ आहे, रक्तस्राव आवाक्यात आहे, थोड्याच वेळात पित्त येऊ लागेल.

त्याच रक्ताबरोबर विषाणूही आत गेला आहे. यकृतातून दर मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहतं, म्हणजे तीन-चार मिनिटांत शरीरातल्या सगळ्या रक्ताएवढं रक्त तिथून जाऊन आलेलं असतं.

दुपारी ४ : अधिक १ तास

या तासाचं मोजमाप नीट वाचलं पाहिजे, नाहीतर ते फसवतं. यकृत जोडल्यानंतर रक्तातला विषाणू वाढत नाही, झपाट्यानं कमी होतो. दिलासा वाटावा असा आकडा. पण संशोधकांनी त्याचा जो अर्थ लावला तो दिलासा देणारा नाही : रक्तातून नाहीसा झालेला विषाणू सगळाच नष्ट झालेला नाही. त्यातला काही नव्या यकृतानं उचलला आहे. काही यकृतातल्या भक्षक पेशींनी गिळला, आणि काही त्याला हव्या असलेल्या पेशींत पोचला.

यकृतपेशींच्या पृष्ठभागावर सीडी८१, क्लॉडिन-१, ऑक्लुडिन अशी प्रथिनं असतात. विषाणू त्यांना धरून आत जातो. रुग्णाच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं वर्षानुवर्षं आहेत, पण ती त्याला अडवू शकत नाहीत. हिपॅटायटिस बी मध्ये ऑपरेशनच्या वेळी तयार प्रतिपिंडं टोचून नवं यकृत वाचवता येतं. सी च्या बाबतीत तसे प्रयत्न झाले आणि फसले. हा विषाणू सतत बदलतो आणि एकाच शरीरात त्याचे असंख्य प्रकार फिरतात. २०१० साली स्ट्रासबुर्गच्या संशोधकांनी दाखवलं की यकृत बदलल्यावर त्यातले नेमके तेच प्रकार पुढे येतात, जे पेशीत अधिक सहज शिरतात आणि प्रतिपिंडांना चुकवतात.

रात्री ९ : अधिक ६ तास

बापाला आयसीयूत हलवलं आहे. मुलगा दुसऱ्या खोलीत शुद्धीवर आला आहे. बाहेर बसलेल्या आईला सांगितलं जातं की दोघंही ठीक आहेत, आणि ते खरं आहे.

यकृतातल्या काही पेशींत आता काम सुरू झालं आहे. विषाणूचा धागा पेशीच्या आत मोकळा होतो. पेशीचीच यंत्रणा त्याच्यावरून प्रथिनं बनवते. त्यातलं एनएस५बी नावाचं प्रथिन धाग्याची नक्कल काढायला लागतं. ही नक्कल आधी उलटी निघते, ऋण धागा म्हणतात तो. त्या उलट्या धाग्यावरून मग मूळ सरळ धाग्याच्या पुष्कळ प्रती निघतात.

यकृतात विषाणू वाढतो आहे की नुसता अडकला आहे, हे ओळखायची खूण म्हणजे हा ऋण धागा. रक्तातून आलेल्या विषाणूत फक्त सरळ धागा असतो. ऋण धागा पेशीच्या आत, नक्कल चालू असतानाच बनतो. सुईनं काढलेल्या यकृताच्या बारीकशा तुकड्यात तो सापडला तर वाढ तिथेच चालली आहे. ही तपासणी नाजूक असते, कारण सरळ धागे ऋण धाग्यांपेक्षा दहापट किंवा त्याहून जास्त असतात आणि जरा ढिलाई झाली तर सरळ धाग्यालाच ऋण समजण्याची चूक होते. म्हणून पहिली पायरी जास्त तापमानाला चालणारी विकरं वापरून करतात, म्हणजे चुकीची जुळणी टिकत नाही.

दुसरा दिवस, सकाळी ७ : अधिक १६ तास

रक्तातला आकडा अजून उतरतोच आहे. रुग्णाला स्टिरॉइड दिलं आहे, टॅक्रोलिमस सुरू होत आहे. शरीरानं मुलाचं यकृत परकं समजून नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबावी लागते. विषाणूविरुद्ध उभं राहायचं तर याच प्रतिकारशक्तीनं. दोन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत, आणि डॉक्टरांना आधी यकृत टिकवायचं असतं.

दुसरा दिवस, दुपारी ३ : अधिक २४ तास

समजा आकडा १० हजारांवर आला. सुरुवातीच्या तुलनेत एक टक्का. हा तळ आहे.

इथून पुढे नवं काही घडलं नाही तर उरलेला विषाणू दोन-तीन दिवसांत संपायला हवा, मघाचा हिशेब तेच सांगतो. तो संपत नाही. म्हणजे कुठेतरी नवा तयार होतो आहे, आणि जुनं यकृत तर केव्हाच गेलं. नव्या यकृतातली वाढ आता रक्तातही दिसू लागेल.

तिसरा दिवस : अधिक ४८ तास

बार्सिलोनात ज्यांच्यात वाढ सुरू झाली त्यांच्या रक्तातला विषाणू सरासरी १३.८ तासांत दुप्पट होत होता. सगळ्यांचा वेग सारखा नव्हता. या रुग्णाला तो सरासरी वेग लावला तर १० हजारांचे आता ३३ हजार झाले आहेत.

नळ्या निघू लागल्या आहेत. रुग्ण शुद्धीवर आहे, डोळ्यांतला पिवळेपणा उतरतो आहे. यकृताचे रिपोर्ट रोज सुधारत आहेत, कारण विषाणू स्वतः पेशी लगेच मारत नाही.

चौथा दिवस : अधिक ७२ तास

१ लाख १० हजार.

पाचवा दिवस : अधिक ९६ तास

३ लाख ७० हजार. अजून एका दिवसात १२ लाख होतील, ऑपरेशनच्या सकाळी होते त्याहून जास्त. बार्सिलोनातल्या काही रुग्णांत तर चौथ्याच दिवशी आकडा ऑपरेशनपूर्व पातळीला पोचला होता. मुलानं दिलेलं, ऑपरेशनच्या सकाळपर्यंत निरोगी असलेलं यकृत आता बापाच्या जुन्या आजाराचं घर झालं आहे. मुलाच्या पोटावरचे टाके अजून निघालेले नाहीत.

पुढचे महिने, पुढची वर्षं

पहिल्या काही महिन्यांत आकडा वाढत जातो आणि ऑपरेशनपूर्व पातळीच्या दहा-वीस पटींवर पोचू शकतो. साधारण पहिल्या सहा महिन्यांत बायोप्सीत हिपॅटायटिस दिसू लागतो. मग डॉक्टरांपुढे अवघड प्रश्न येतो. एंझाइम्स वाढलेत ते विषाणूमुळे की शरीर यकृत नाकारतंय म्हणून? नकाराचा उपाय म्हणजे जास्त स्टिरॉइड, आणि त्यानं विषाणू कितीतरी पटींनी वाढतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींची चित्रं एकमेकांत मिसळलेली असतात. म्हणूनच यकृतात विषाणू प्रत्यक्ष किती वाढतो आहे हे मोजायची धडपड होती. त्या मापावर औषध वाढवायचं की कमी करायचं हे ठरवायचं होतं.

स्वतःच्या यकृतात सिऱ्हॉसिसला जिथे वीस-तीस वर्षं लागतात, तिथे बदललेल्या यकृतात पाचच वर्षांत २० ते ३० टक्के रुग्ण त्या अवस्थेला पोचत. थोड्या जणांत आजार इतका वेगानं फोफावे की वर्ष-दोन वर्षांतच यकृत निकामी होई. पुन्हा यकृत बदलायचं, तर दुसरा मुलगा कुठून आणायचा?

तेच तास, दुसरा शेवट

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर या गोळीला मान्यता मिळाली. एनएस५बी धाग्याची नक्कल काढताना जी अक्षरं उचलतं, त्यातल्या एकाची ही हुबेहूब खोटी प्रत. ती उचलली की नक्कल तिथेच तुटते. ‘अधिक ६ तास’ला सुरू होणारं काम नेमकं त्याच जागी थांबतं. डॅक्लाटासविर, लेडिपासविर, वेल्पाटासविर ही जोडीची औषधं आली आणि इंटरफेरॉन मागे पडलं.

मग घड्याळ मागे फिरवून पाहिलं गेलं. मायकेल करी आणि सहकाऱ्यांनी यकृताचा कर्करोग असलेल्या, ट्रान्सप्लांटच्या यादीतल्या ६१ रुग्णांना ऑपरेशनच्या आधीपासून सोफोसबुविर आणि रिबाविरिन दिलं. ऑपरेशनच्या वेळी ज्यांच्या रक्तात विषाणू मोजता येण्याच्या मर्यादेखाली होता अशा ४३ जणांपैकी ३० जणांत तो नव्या यकृतात परतला नाही. कोण वाचला आणि कोण नाही, याचा सगळ्यात भरवशाचा निकष निघाला तो असा : रक्त सलग ३० दिवसांहून अधिक काळ विषाणूमुक्त होतं का? हे निष्कर्ष २०१५ साली आले. एक दिवस रिपोर्ट कोरा आला म्हणजे शरीर कोरं झालं असं नसतं. पाच लिटर रक्ताचा हिशेबही तेच सांगत होता.

ऑपरेशननंतर परतलेला विषाणूही आता काढता येतो. सोफोसबुविर, डॅक्लाटासविर आणि रिबाविरिन यांच्या एका चाचणीत यकृत बदललेल्या ५३ रुग्णांपैकी ९४ टक्के बरे झाले. २०१९ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी याच्याही पुढचं पाऊल टाकलं. विषाणू असलेल्या दात्यांची फुप्फुसं आणि हृदयं त्यांनी विषाणू नसलेल्या ४४ रुग्णांना बसवली, पहिली गोळी ऑपरेशननंतर काही तासांतच दिली आणि चार आठवडे औषध चालवलं. ज्यांचं सहा महिन्यांचं निरीक्षण तोवर पूर्ण झालं होतं, त्या ३५ जणांत कुणाच्याही रक्तात विषाणू उरला नव्हता. ज्या तासांत पूर्वी हार ठरलेली असे, त्याच तासांत आता औषध आधी पोचतं.

आणि तरीही माझं लक्ष शून्य तासावर थांबत नाही, ते उणे वीस वर्षांपासूनच्या शांत काळावर जातं. त्या गृहस्थाच्या वेळी तपासणी नव्हती, पण आज या संपूर्ण घटनाक्रमात सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त वेळ मिळणारा टप्पा तोच आहे. यकृत स्वतःचं असतं, मुलाच्या पोटावर छेद नसतो, प्रतिकारशक्ती शाबूत असते. सिऱ्हॉसिस झालेला नसेल तर सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविरच्या गोळ्या बारा आठवडे घ्यायच्या, रोज तोंडानं, इंजेक्शन नाही. अमेरिकेत सुरुवातीला यातली एक सोफोसबुविरची गोळी हजार डॉलरला होती. २०१४ साली भारतीय कंपन्यांना ती बनवायचे परवाने मिळाले, आणि २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत.

सरकारी अंदाजानुसार देशात ६० लाख ते १ कोटी २० लाख लोकांत हा विषाणू आहे. त्यातल्या बहुतेकांना ते माहीत नाही, कारण काही दुखत नाही. रक्तपेढ्यांत या विषाणूची सक्तीची तपासणी चालू शतकाच्या सुरुवातीला आली. त्याआधी ज्यांना रक्त चढलं, ज्यांचं डायलिसिस चालू आहे, ज्या मुलांना थॅलसेमियासाठी सतत रक्त लागतं, जिथे एकच सुई अनेकांना वापरली गेली तिथे ज्यांनी इंजेक्शनं घेतली किंवा गोंदवून घेतलं, त्या सगळ्यांनी एकदा तरी ‘अँटी-एचसीव्ही’ तपासणी करून घ्यावी. ती आली पॉझिटिव्ह तर एचसीव्ही आरएनएची तपासणी करावी, आणि विषाणू सापडला तर गोळ्या पूर्ण घ्याव्यात. सिऱ्हॉसिस झालेला असेल तर औषधाची जोडी वेगळी असते, आणि बरं झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागते, कारण कर्करोगाचा धोका पूर्ण जात नाही. हिपॅटायटिस बी ला लस आहे, सी ला नाही. त्यामुळे शोधून काढणं हाच बचाव.

कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत साठीच्या पुढचं कुणीतरी आहे. त्यांना विचारावं : कधी रक्त चढलं होतं का? बाळंतपणात, अपघातात, ऑपरेशनच्या वेळी? उत्तर हो असेल, किंवा आठवत नसेल, तर याच आठवड्यात त्यांना घेऊन जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात जावं आणि एचसीव्हीची तपासणी करून घ्यावी. यकृत बदलायची वेळ येऊच नये, हे अजून आपल्या हातात आहे.